पाणी कुठून मोजायचं

कोल्हापुरात जुलै लागला की भेटलेला माणूस ‘बरं हाय काय’ विचारायच्या आधी ‘किती फूट?’ विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५५ च्याही पुढं गेला. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि जिकडं तिकडं पाणी असताना प्यायच्या पाण्यासाठी टँकरपुढं रांग.

आमची गल्ली शाहूपुरीच्या मागच्या अंगाला, जयंती नाल्याकडं उतरणारी. नदी आमच्यापासून लांब आहे, पण तिला फुगवटा आला की नाल्याचं पाणी मागं सरतं आणि आमच्याकडं ते आधी मोरीतून वर येतं, बुडबुड आवाज करत. त्या खेपेला आम्हाला एका शाळेत हलवलं होतं. तिथं पुरुषमंडळी दिवसभर मोबाईल धरून बंधाऱ्याचे इंच मोजत बसलेली. ‘दोन इंच उतरलं’, ‘छे, परत चढलं’. शेजारच्या मावशी कोपऱ्यात बसून हे ऐकत होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, “बंधाऱ्यावर पन्नास असू दे न्हाईतर साठ. माझ्या चुलीवर किती हाय त्ये सांगा की कुणीतरी.”

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका अडचणीत असल्या की माझ्याकडं येऊन बसायला लागल्या, आणि मी त्यांना जे सांगत गेले ते बरंचसं त्या वाक्यातनं निघालेलं होतं. एकीनं परवा म्हटलं, हे लिहून द्या, आम्ही विसरतो. म्हणून लिहिते.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. धर्मशास्त्राचं शिक्षण नाही. मिरजेला नर्सिंग शिकले आणि कोल्हापुरात ३१ वर्षं स्टाफ नर्स होते. २०१६ मध्ये नवरा गेला. दोन महापूर घरात घेतले. एक दीर आहेत, त्यांच्याशी गावाकडच्या जमिनीवरून वाकडं आहे. त्यांच्याबद्दल पुढं येईलच. एवढ्या भांडवलावर सांगते.

आधी चार्ट भरा

मिरजेला पहिल्या वर्षी माझ्या हातून एका रात्री चार्टवर ‘पेशंटला बरं वाटत नाही’ असं लिहिलं गेलं. सकाळी सिस्टरनी सगळ्यांसमोर चार्ट नाचवला. “बरं वाटत नाही म्हणजे काय गं? दुखतंय? कुठं? कधीपासनं? ताप किती? लघवी झाली का? हे घरातल्यांनी म्हणायचं. तू नर्स आहेस.” त्या दिवशी कान लाल झाले, पण ते मी आयुष्यभर वापरलं.

तर पहिलं काम हे. शंभर पानी वही घ्या, जुनी अर्धी भरलेली पण चालेल. वर तारीख आणि वेळ टाका. मग जे झालं ते चार्टसारखं लिहा. माझ्या वहीतलं १२ ऑगस्ट २०१९ चं पान असं आहे:

‘सकाळी साडेदहा. दार उघडायला तिघं लागले. गाद्या ३ गेल्या. फ्रीज आडवा. शिलाई मशीन चिखलात, मोटर काढून बघायची. ह्यांच्या फोटोची काच फुटली, खालचा कोपरा ओला. पेन्शनचे कागद माळ्यावर, बरे आहेत. घरपट्टीच्या पावत्यांचा लगदा. रिकामा सिलिंडर तरंगत शेजाऱ्यांच्या दारात गेलेला, मिळाला. भिंतीवर ओलीची रेघ, टेपनं मोजली, ४ फूट २ इंच. डाव्या खांद्यात कळ, काल पिंप उचलल्यापासून. रडू आलं नाही.’

आणि खाली, ‘आज: फोटो सुकवणे. मशीनवाल्याला फोन.’

यात ‘सगळं गेलं’ असं कुठं नाही, बघा. मला ते लिहायचं होतं. हात तिकडंच जात होता. पण मी स्वतःला तीन शब्द बंद करून घेतलेत: ‘सगळं’, ‘नेहमी’ आणि ‘कुणीच’. वहीत ते आले की खोडायचे आणि त्या जागी आकडा किंवा नाव लिहायचं. ‘कुणीच आलं नाही’ लिहिलं असेल तर कोण कोण येईल असं वाटलं होतं त्यांची नावं लिहा. बहुतेक वेळा ती दोन निघतात, आणि त्या दोघांवरचा राग जगावर काढायची गरज राहत नाही.

हे मी पवित्र शास्त्रातनंच, म्हणजे बायबलमधनं, उचललं म्हटलं तरी चालेल. एलीया संदेष्टा जीव वाचवायला रानात पळाला आणि देवापुढं दोनदा तेच रडगाणं गायला, की मीच एकटा उरलो. देवानं त्याला आकडा सांगितला. सात हजार. ‘पहिलं राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून बघा.

पण त्या अध्यायात त्याच्याही आधी जे घडतं त्यावर माझा जास्त जीव आहे.

भाकरी, पाणी, झोप

एलीया झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि झोपला. यावर देवाचा दूत येऊन काय करतो? उपदेश नाही, शास्त्रपाठ नाही, ‘विश्वास कमी पडला’ नाही. त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि परत तेच, ऊठ, खा, तुला लांब जायचंय. मग तो चाळीस दिवस चालतो. प्रश्नोत्तरं नंतर, डोंगरावर पोचल्यावर.

इतकी वर्षं उपासनेला बसते, पण या दोन जेवणांवर आणि दोन झोपांवर आख्खा उपदेश कुणी केल्याचं मला आठवत नाही. नर्सला मात्र हे वाचताक्षणी कळतं. आधी पोटात काय गेलंय ते बघा. पेशंटचा नातेवाईक कॉरिडॉरमध्ये ओरडायला लागला की मी पहिल्यांदा विचारायची, “जेवलाय काय?” दहातले आठ जण उपाशी असायचे.

म्हणून दुसरं काम. संकटाच्या दिवसांत रात्री काही ठरवायचं नाही. घर विकायचं, पोराला खडसवायचं, सुनेला माहेरी पाठवायचं, भावाशी संबंध तोडायचे, यातलं काहीही रात्री नऊनंतर ठरवायचं नाही. नाइट ड्युटी केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तीन ते पाच या वेळेत वॉर्डात सगळ्यांचं सगळं वाढतं. दुखणं, भीती, दम. (इथं ‘सगळं’ मी जाणून लिहिलंय.) बायबलमधल्या १३० व्या स्तोत्रात पहारेकरी पहाटेची वाट बघतात ती ओळ लागोपाठ दोनदा येते. लिहिणाऱ्यानं नाइट केलेली असणार, असं मी आमच्या पाळकसाहेबांना म्हटलं तर ते हसले. पण मी चेष्टा करत नव्हते. त्या वेळेला जाग आली तर मी दिवा लावत नाही, फक्त ‘सकाळी बघू, प्रभू’ म्हणते आणि पडून राहते. झोप येतेच असं नाही.

तक्रार करा, आणि ती वरच करा

आता अवघड भाग. आमच्यात एक सवय आहे, आणि ती वाईट आहे असं मी स्पष्ट म्हणते. माणूस रडायला लागला की लगेच त्याच्यावर वचन टाकायचं. ‘देवाची काहीतरी योजना असेल.’ ‘सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच होतं.’ ‘उपकार माना, तुम्ही वाचलात.’ हे गेले तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत मला चौदा जणांनी २३ वं स्तोत्र ऐकवलं. चौदा मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे हे मला लहानपणापासून पाठ आहे, पण त्या आठवड्यात ते कानाच्या आत जाईना.

मग एका रात्री पानं उलटताना ८८ वं सापडलं. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. शेवटच्या ओळीत उजेड नाही, ‘तरीपण मी तुझी स्तुती करीन’ नाही, काही नाही. मी तीन आठवडे रोज तेच वाचलं. देवाच्या पुस्तकात हे ठेवलंय म्हणजे याला तिथं जागा आहे, एवढंच मला त्या वेळी पुरलं.

१५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी रडगाण्यांचा आहे. १३ वं घ्या, सहाच ओव्यांचं आहे, पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. ६९ वं घ्या, सुरुवातच पाणी गळ्यापर्यंत आलंय आणि चिखलात पाय टेकत नाही अशी. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत गुडघाभर काळा चिखल होता, त्यात उभं राहून ते स्तोत्र मी मोठ्यानं म्हटलं. मावशी म्हणाल्या, “ह्ये कुणी लिवलंय? ह्याच्या घरात पाणी आल्यालं दिसतंय.” मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडं जनाबाईनं विठ्ठलाला काय काय सुनावलंय. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा अभंग सोबत घेऊनच आले, म्हणून आजही आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर ख्रिस्ताची भजनं म्हटली जातात. देवाशी भांडायची रीत आपल्या रक्तात आहे, ती चर्चच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवायची गरज नाही.

आणि हे शास्त्र ज्यांनी मराठीत आणलं त्यांच्यातल्या एकीकडं बघा. पंडिता रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, नवरा. केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये अनुवाद हातावेगळा करून बाई स्वतः गेल्या. माझ्या आजीकडं त्या अनुवादाची एक प्रत होती. ‘कोठवर’ हा शब्द रमाबाईंनी उतरवून घेताना त्यांचा हात थांबला असेल का, हा माझा आपला विचार.

करायचं कसं ते सांगते. एक रडगाण्याचं स्तोत्र निवडा. एकदा मोठ्यानं वाचा, भिंतीला ऐकू जाईल एवढ्यानं. मग वहीत तेच परत लिहा, पण त्यातले शत्रू, खळगे आणि पाणी काढून तुमचं घाला. भाषा घरचीच ठेवा. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रार्थनेला डोळे मिटले की आमच्या बायका एकदम ‘हे सर्वसमर्थ परमेश्वरा, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो’ असं बोलायला लागतात आणि मग जे दुखतंय ते त्या भाषेत बसतच नाही. कोल्हापुरात आम्ही बायका पुरुषांसारखं ‘आलो’, ‘गेलो’ बोलतो, पुण्याची माणसं हसतात. मी प्रार्थनेतही तशीच बोलते. माझं १३ वं स्तोत्र असं होतं:

‘देवा, लई दमलोय बघ. किती दिवस ह्यो चिखल? किती दिवस पंचनाम्याच्या रांगा? पोरगं पुण्यात, फोनवर म्हणतंय ये इकडं, आणि जायचं मन होत नाही, ते का होत नाही ते तरी सांग. तू विसरलास काय आम्हाला? का तुझ्याकडं पण रेंज नाही?’

शेवटच्या वाक्यावर मंडळात कुणीतरी नाक मुरडलं. मुरडू दे. मूळ स्तोत्रातलं ‘तू मला विसरलास काय’ याच्यापेक्षा ते सौम्यच आहे.

एक पथ्य आहे. तक्रार वर करायची, आडवी नाही. मी सूनबाईला, शेजारणीला, मैत्रिणीला तेच तेच सांगत राहिले तर ते वाढतं. देवाला तेच तेच सांगितलं तर, का ते मला नीट सांगता येत नाही, कधीतरी आपल्यालाच कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातनं पुढचं काहीतरी दिसायला लागतं.

मग फूटपट्टी हलवा

मावशींच्या चुलीकडं परत येते.

बेथानीच्या मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी पडला. त्यांनी येशूला निरोप धाडला. तो लगेच आला नाही, पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था बाहेर येऊन म्हणाली, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. नंतर मरीया आली, तीही शब्दाला शब्द तेच म्हणाली. चार दिवस दोघी घरात एकमेकींना हेच बोलल्या असणार. येशूनं मार्थाला पुनरुत्थानाचं सांगितलं, ते मोठं आहे, त्यावर आमचा सगळा विश्वास उभा आहे. पण मरीया रडत पायाशी पडल्यावर त्यानं काय विचारलं? ‘त्याला कुठं ठेवलंय?’ ते म्हणाले, चल, बघ. आणि तो रडला. पुढच्या काही मिनिटांत तो लाजरला उठवणार होता, त्याला ते ठाऊक होतं, तरी आधी रडला.

मी हे शेकडो वेळा ऐकलं होतं. पुरानंतर पहिल्यांदा ‘कुठं ठेवलंय’ हे ऐकू आलं. बंधाऱ्यावरचा आकडा वाचून देव ‘५५ फूट, होईल ठीक’ म्हणत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात कुठवर आलंय, आणि बघायला येतो. ख्रिस्ती माणसाचं नवं बघणं म्हणतात ते माझ्या मते एवढंच आहे. आपलं संकट आहे तेवढंच राहतं, मोजणारा कुठं उभा आहे ते बदलतं. आणि वधस्तंभावर त्यानं स्वतः २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडून म्हटली, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. म्हणजे रडगाणं त्यालाही पाठ होतं.

यासाठी वहीत एक काम करा. रविवारी उपासना झाल्यावर, घरी येऊन जेवणाआधी, ज्या जागी अडचण आहे त्या जागेचा नकाशा काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही, चौकोन काढले तरी झालं. खोली, ऑफिस, दवाखान्याची खाट, कोर्टाचा बाक. कोण कुठं बसतं ते लिहा. मग विचार करा की ‘कुठं ठेवलंय’ म्हणत तो आला तर कुठं जाऊन उभा राहील, आणि तिथं फुली मारा. घाई नको. एखाद्या रविवारी फुली सापडत नाही, तेव्हा नकाशा तसाच ठेवा.

माझा हा उपाय माझ्यावरच उलटला. मी गावाकडच्या घराचा नकाशा काढला. सोप्यात दीर, मी उंबऱ्याशी, मधे सातबाऱ्याचा कागद. मला वाटलं होतं फुली माझ्या शेजारी पडेल. विधवा मी, हिस्सा माझा अडवलेला. आणि फुली माझ्या शेजारी पडलीही. पण मग मला आठवलं, भावजींचा गुडघा गेलाय, शुगर वाढली म्हणून ऑपरेशन लांबतंय, आणि नवरा गेल्यापासून त्यांनाही भाऊ राहिलेला नाही. दुसरी फुली सोप्यात मारावी लागली. त्या दिवशी मी जेवले नाही, इतका राग आला. कुणाचा ते विचारू नका.

तेव्हापासून त्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करते. ‘त्यांचं मन बदल’ अशी करत नाही, कारण ती प्रार्थना म्हणजे माझं म्हणणं त्यांनी मान्य करावं एवढाच अर्ज असतो. फक्त गुडघा. हिश्श्याचं अजून काही झालेलं नाही, वकिलाकडं कागद आहेत, आणि ते मागं घ्यायचा माझा विचारही नाही. क्षमा करणं आणि सही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण २०२१ च्या जुलैत परत पाणी चढलं तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा भावजींचा फोन आला. “वहिनी, पाणी किती आलंय?” मी म्हटलं, “मोरीत बुडबुडतंय.” ते म्हणाले, “बरं.” आणि ठेवला.

गोळ्या आणि डॉक्टर

हे थोडक्यात सांगते, पण हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, रोजची कामं हातून होत नाहीत, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडं जा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात. जीव द्यायचा विचार असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या. प्रार्थना रिक्षात करता येते.

विश्वास आहे तर गोळ्या कशाला, असं सांगणारी माणसं मी पाहिलीत, आणि त्यांचं ऐकून बीपीच्या गोळ्या बंद करून वॉर्डात आलेले पेशंटही पाहिलेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. आणि त्याच पौलानं स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, तो काही निघाला नाही. माझी थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू आहे.

दुसऱ्याच्या दारात

हे वाचून तुम्ही दुसऱ्या कुणाला धीर द्यायला निघाला असाल तर थांबा. बायबलमधल्या संकटानं मोडलेल्या ईयोबाचे तीन मित्र भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर उत्तम चाललं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे इतका वेळ देवाला जाब विचारणारा पास झाला, आणि देवाची बाजू घेणारे नापास.

पुरानंतर माझ्याकडं आले त्यांच्यातले मला कोण आठवतात? एका बाईंनी दोन बाटल्या फिनेल आणि खराटा आणला आणि न बोलता मोरीकडं गेल्या. मंडळीतल्या दोन तरुण पोरांनी फ्रीज बाहेर ओढला. मावशी, ज्या दर नाताळला माझ्या करंज्या खातात आणि दर नवरात्रात मला अंबाबाईचा प्रसाद देतात, त्यांनी स्वतःच्या घरात चिखल असताना माझ्या फोटोसाठी टीपकागद शोधून आणला. उपकार मानायची वही म्हणतात ना, माझी तिथनं सुरू झाली. फिनेल दोन बाटल्या, खराटा एक, टीपकागद. त्याच्या आधी कुणी सांगून झाली नसती.

त्या वर्षी नाताळच्या आधी रंगारी आला. त्यानं ओलीची रेघ बघितली आणि म्हणाला, “मॅडम, पुट्टी मारली की दिसणार पण नाही.” मी म्हटलं, सगळीकडं मार, दाराच्या मागं वीतभर सोड. तो म्हणाला, वाईट दिसेल. मी म्हटलं, दार उघडं असतं तेव्हा दिसत नाही. मी त्याला येशूच्या शिष्याची, थोमाची, गोष्ट सांगितली नाही, पण माझ्या मनात तीच होती. येशू उठल्यावर आला तो हातातले खिळ्यांचे व्रण तसेच ठेवून आला. नवं शरीर मिळालं तर ते तरी पुसता आले असते. थोमाला त्यानं तेच दाखवले, बोट घालून बघ म्हणाला. त्या वीतभर जागेत आता दोन रेघा आहेत. २०२१ ची खालची आहे, ३ फूट ८.

सून पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं, आई, हे काय? मी टेप आणून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, मोज.

आता पावसाळ्यात बंधाऱ्याचा आकडा ३९ च्या पुढं सरकला की मोबाईल वाजायला लागतो. मी वही, ह्यांचा फोटो आणि पेन्शनचे कागद माळ्यावर टाकते, मशीनची मोटर काढते, भाकरी थापून ठेवते, आणि चप्पल घालून मावशींच्या दारात जाऊन उभी राहते. “मावशी, तुमच्या मोरीत कुठवर आलंय?”